सूर्याच्या आगीतून दृष्टी वाचवणारा नेत्रवैद्य

ग्रहणकाळात उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये, असे बजावणारी वडीलधारी मंडळी आजही आपल्या गावागावांत आहेत. परातीत पाणी घेऊन त्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची रीतही जुनीच. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी महाराष्ट्रातील रस्ते कसे ओस पडले होते, हे अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. त्या भीतीत अंधश्रद्धेचा वाटा मोठा होता. परंतु तिच्या तळाशी एक निखळ सत्यही होते. सूर्याकडे टक लावून पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पडद्यावर भाजल्याचा डाग पडतो आणि तो बहुधा नेमका तीक्ष्ण दृष्टीच्या जागीच पडतो. पाण्यातील प्रतिबिंबही डोळ्यांना पूर्णपणे सुरक्षित नसते.

शेकडो वर्षे वैद्यकाने या डागाकडे केवळ अपघात म्हणून पाहिले. एका तरुण जर्मन नेत्रवैद्याला मात्र त्यात उपचार दिसला. जो प्रकाश डोळा जाळतो, तोच मोजून-मापून वापरला तर सुटू पाहणारा पडदा जागच्या जागी चिकटवू शकेल, हा विचार त्याने नुसता मांडला नाही, तर आयुष्य वेचून सिद्ध केला. आज जिल्ह्याजिल्ह्यांत डोळ्यांवर जे लेझर उपचार होतात, त्यांचे मूळ या माणसाच्या कार्यात आहे. त्याचे नाव गेरहार्ड मायर-श्विकेराट.

उद्ध्वस्त शहरातील तरुण डॉक्टर

मायर-श्विकेराट यांचा जन्म १० जुलै १९२० रोजी जर्मनीतील एल्बरफेल्ड येथे झाला. हे गाव आता वुपरटाल शहराचा भाग आहे. त्यांचे तारुण्य हिटलरच्या राजवटीत आणि महायुद्धाच्या धामधुमीत गेले. वैद्यकीय शिक्षण संपवून ते हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या एपेनडॉर्फ येथील नेत्रचिकित्सालयात दाखल झाले. १९४३ च्या जुलै महिन्यातील बॉम्बवर्षावाने हे शहर होरपळून निघाले होते. युद्ध संपले तेव्हा विजेपासून औषधांपर्यंत प्रत्येक गोष्टीची टंचाई होती. अशा परिस्थितीत नव्या संशोधनाची स्वप्ने पाहणे हेच मोठे धाडस होते.

त्या चिकित्सालयाचे प्रमुख ओस्वाल्ड मार्केसानी हे युरोपातील नामवंत नेत्रतज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली मायर-श्विकेराट यांचे काम सुरू झाले आणि थोड्याच अवधीत त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली.

९ जुलै १९४५ रोजी उत्तर युरोपातून सूर्यग्रहण दिसले. युरोपातील युद्ध थांबून अवघे दोन महिने झाले होते. मायर-श्विकेराट दुसऱ्याच दिवशी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण करणार होते. हे ग्रहण संरक्षणाविना पाहिल्यामुळे दृष्टीला इजा झालेला एक वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्या तपासणीत आला. त्याच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी, ज्याला पीतबिंदू म्हणतात त्या जागी, भाजल्याची स्पष्ट खूण होती. ही जखम भरून आली तेव्हा तिथे उरलेला व्रण मायर-श्विकेराट बारकाईने न्याहाळत राहिले. पडदा सुटलेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्यानंतर जसा व्रण राहतो, तसाच हा व्रण होता.

पडदा का सुटतो?

या साम्याचे महत्त्व कळण्यासाठी डोळ्याची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. दृष्टिपटल हा डोळ्याच्या आतील बाजूस पसरलेला अतिशय पातळ, पारदर्शक पडदा होय. त्याच्यामागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा थर असतो. पडद्याला छिद्र पडले तर आतील द्रव त्यातून मागे शिरतो आणि भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा पडदा सुटू लागतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत या विकाराला इलाजच नव्हता; पडदा सुटला की डोळा गेला, असेच समजले जाई. १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील ज्यूल गोनँ यांनी हे छिद्र हेच रोगाचे मूळ असल्याचे दाखवून दिले. छिद्राच्या जागी डाग देऊन ते बुजवण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी रूढ केली. पुढे विजेच्या साहाय्याने उष्णता देणारी साधने आली. परंतु ही उष्णता बाहेरून, बुबुळामागचे कठीण आवरण भेदून द्यावी लागे. डोळ्याच्या अगदी मागच्या बाजूला असलेल्या छिद्रांपर्यंत पोहोचणे त्यामुळे फार अवघड होते.

मायर-श्विकेराट यांचे विचारचक्र येथून पुढे फिरू लागले. डोळ्याचा पुढचा भाग काचेसारखा स्वच्छ आहे. प्रकाश त्यातून कसलीही इजा न करता आत जातो आणि मागच्या काळसर थरावर पडल्यावरच त्याची उष्णता होते. मग डोळा न कापता, बाहुलीच्याच वाटेने प्रकाश आत सोडून हवा तिथे डाग देता येणार नाही का?

प्रकाशाने दृष्टिपटल भाजते हे त्यांच्या आधीही ठाऊक होते. १८६७ मध्ये चेर्नी यांनी सूर्यकिरण एकवटून प्राण्यांच्या दृष्टिपटलावर डाग पाडले होते. इटलीच्या माज्जोरे यांनी १९२७ मध्ये, रोगामुळे काढून टाकाव्या लागणाऱ्या मानवी डोळ्यांवर असा प्रयोग केला होता. स्पेनमध्ये मोरॉन सालास यांनीही साधारण याच काळात स्वतंत्रपणे हीच दिशा धरली होती. तथापि या कल्पनेला रोजच्या उपचाराचे रूप देण्याचे श्रेय मायर-श्विकेराट यांच्याकडे जाते.

छपरावरचा सूर्य

१९४६ पासून त्यांनी सशांवर प्रयोग आरंभले. दिव्यांचा प्रकाश अपुरा पडू लागला तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष सूर्यालाच राबवण्याचे ठरवले. चिकित्सालयाच्या छपरावर त्यांनी सूर्याच्या गतीबरोबर फिरणारा आरसा बसवला. त्यावरून परावर्तित होणारे किरण आरशांच्या आणि भिंगांच्या साखळीतून रुग्णाच्या डोळ्यात आणले जात. या घरगुती बनावटीच्या यंत्राने १९४९ मध्ये मानवी डोळ्यातील दृष्टिपटलाचे छिद्र त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने यशस्वीपणे बुजवले. त्याच वर्षी हे काम जर्मन नेत्रतज्ज्ञांसमोर मांडले गेले.

आपल्या भीमाकाठच्या उन्हात राहणाऱ्या माणसाला सूर्याची टंचाई म्हणजे काय, हे चटकन उमगणार नाही. हॅम्बुर्गचे आकाश मात्र वर्षातील कितीतरी दिवस ढगांनी भरलेले असते. रुग्ण तयार, डॉक्टर तयार, परंतु सूर्याचा पत्ता नाही, ही अडचण कायमची होती. त्यातच पृथ्वीच्या वातावरणामुळे किरणांची तीव्रता क्षणाक्षणाला बदले. उपचार हवामानावर सोडून चालणार नाही, हे ओळखून मायर-श्विकेराट कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवणाऱ्या प्रखर दिव्याकडे वळले. या दिव्याने अनेक रुग्णांवर उपचार झाले. पण त्याची ज्योत अस्थिर असे, धूर होई आणि कांड्या सतत बदलाव्या लागत.

मार्केसानी यांचे १९५२ मध्ये निधन झाले. पुढे मायर-श्विकेराट बॉन येथील विद्यापीठाच्या नेत्रचिकित्सालयात काम करू लागले. याच काळात झाइस या ख्यातनाम कंपनीतील शास्त्रज्ञ हान्स लिटमन यांच्याशी त्यांचे सहकार्य जुळले. झेनॉन वायूच्या दिव्याचा प्रकाश सूर्यप्रकाशाला पुष्कळसा जवळचा असतो. हा दिवा वापरून दोघांनी एक भरवशाचे यंत्र तयार केले. १९५६-५७ च्या सुमारास ते आकाराला आले आणि पाहता पाहता जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत पोहोचले. छपरावरचा सूर्य आता खोलीत आला होता.

एसेनची कीर्ती

१९५९ मध्ये मायर-श्विकेराट एसेन येथील नेत्रचिकित्सालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी प्रकाशाने डाग देण्याच्या पद्धतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि लगेच पुढच्या वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. कोळशाच्या आणि पोलादाच्या उद्योगांसाठी ओळखले जाणारे एसेन हे शहर यानंतर नेत्रवैद्यकातही जगाच्या नकाशावर आले.

केवळ छिद्रे बुजवण्यावर ते थांबले नाहीत. डोळ्याच्या आतील काही गाठी, फुगलेल्या आणि गळणाऱ्या रक्तवाहिन्या यांवरही त्यांनी प्रकाशाचा उपयोग केला. ईल्स नावाच्या आजारात तरुण माणसांच्या डोळ्यात वारंवार रक्तस्राव होतो. भारतीय उपखंडात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बराच अधिक आढळतो. त्यावर प्रकाशाचा उपचार करण्याची वाटही त्यांनीच दाखवली. म्हणजे आपल्याकडील कितीतरी तरुणांच्या दृष्टीवर या जर्मन डॉक्टरचे ऋण आहे.

जन्मजात दोषांचा अभ्यास हा त्यांच्या कामाचा दुसरा, काहीसा कमी परिचित पैलू. लहान आकाराचे डोळे, दातांची सदोष वाढ आणि जुळलेली बोटे अशी लक्षणे एकत्र आढळणाऱ्या विकाराचे त्यांनी १९५७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह सविस्तर वर्णन केले. या विकाराशी आजही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यामागील जनुकीय दोष २००३ मध्ये सापडला.

खळग्यातून झिरपणारे पाणी

प्रकाशाच्या उपचाराची खरी कसोटी मात्र एका निराळ्याच जन्मजात दोषाने पाहिली. डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारी जाड मज्जातंतूंची जुडी म्हणजे दृष्टिचेता. गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत डोळ्याच्या घडणीत एक फट असते आणि ती यथाकाल मिटते. डोळ्याच्या या घडणीत काही उणे राहिले, तर दृष्टिचेतेच्या मुखाशी, बहुधा कानशिलाकडच्या बाजूला, एक बारीक खळगा राहून जातो. १८८२ मध्ये वीथे यांनी एका ६२ वर्षांच्या स्त्रीच्या डोळ्यात असे करड्या रंगाचे खळगे पाहून त्यांची नोंद केली. साधारण ११ हजार व्यक्तींमागे एकीत हा दोष आढळतो, असे मानले जाते. बहुतेकांच्या एकाच डोळ्यात तो असतो.

नुसता खळगा असल्याने सहसा काही बिघडत नाही. अनेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु पुष्कळ रुग्णांत, बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतच्या ऐन कर्त्या वयात, त्या खळग्यातून द्रव झिरपू लागतो. तो दृष्टिपटलाच्या थरांमध्ये शिरतो, थर एकमेकांपासून अलग होतात आणि पीतबिंदूखाली पाण्याचा फुगा तयार होतो. हा द्रव डोळ्यातील आहे की मेंदूभोवतीचा, यावर तज्ज्ञांत अजूनही एकमत नाही. खळगा आणि पीतबिंदूखालचे पाणी यांचा संबंध १९६० मध्ये क्रानेनबर्ग यांनी पुढे आणला आणि १९६९ मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड गास यांनी त्याचे विवेचन केले.

मायर-श्विकेराट यांच्या तत्त्वाचा उपयोग येथेही होणे ओघानेच आले. खळगा आणि पीतबिंदू यांच्यामध्ये, दृष्टिचेतेच्या कडेने, प्रकाशाच्या डागांची ओळ द्यायची. डागांचे व्रण झाले की पडदा तिथे घट्ट चिकटतो आणि पाण्याला बांध बसतो. शेताच्या बांधाला भगदाड पडल्यावर आपण माती टाकून ते अडवतो, तसाच हा प्रकार. दृष्टिचेतेभोवती मोठी जन्मजात फट असलेल्या डोळ्यांतही कडेने असे डाग देऊन पडदा सुटण्यास आळा घालण्याचा प्रयत्न केला जातो.

परंतु या उपचाराला मर्यादा आहेत. ज्या भागात डाग द्यायचे, तिथूनच मध्यवर्ती दृष्टीचे नाजूक तंतू जातात. डाग अधिक खोल गेला तर पाणी अडेल, पण दृष्टीचा काही भाग कायमचा जाईल. शिवाय प्रकाशाची उष्णता पडद्यामागच्या रंगद्रव्यात निर्माण होते. पाणी मात्र अनेकदा आतल्या थरांत आधी शिरलेले असते. हार्वे लिंकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही बाब स्पष्ट केल्यावर एकट्या लेझरने काम का भागत नाही, याचा उलगडा झाला. म्हणून आता डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढून टाकून आत वायूचा बुडबुडा भरण्याच्या शस्त्रक्रियेवर अधिक भर असतो आणि लेझर हे बहुधा तिच्या जोडीला, रुग्ण पाहून वापरले जाते. पाणी ओसरायलाही महिनोन्‌महिने लागू शकतात.

लेझर आले, तत्त्व तेच राहिले

१९६० च्या मे महिन्यात अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी पहिले लेझर प्रज्वलित केले. लगेच पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये माणिक-लेझरचा मानवी डोळ्यावर उपयोग झाला. १९६८ मध्ये फ्रान्सिस लेस्परन्स यांनी आर्गॉन वायूचे लेझर रुग्णांसाठी वापरले. झेनॉनच्या पांढऱ्या प्रकाशाचा ठिपका मोठा असे, उपचाराला वेळ लागे आणि वेदना होत म्हणून डोळ्यामागे भूल द्यावी लागे. लेझरचा ठिपका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा सूक्ष्म करता येतो आणि तो सेकंदाच्या अत्यल्प अंशात काम करतो. साहजिकच झेनॉनची यंत्रे हळूहळू मागे पडली.

आपले यंत्र इतिहासजमा होताना पाहणे कोणत्याही संशोधकाला सोपे नसते. पण मायर-श्विकेराट यांचे खरे योगदान यंत्रात नव्हतेच. किती प्रकाश, किती वेळ, कोणत्या जागी आणि कोणत्या रुग्णाला द्यावा, हे शास्त्र त्यांनी रचले होते. लेझरने केवळ हत्यार बदलले. तत्त्व तेच राहिले. अमेरिकेत मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीने यावर शिक्कामोर्तब केले. सतराशेहून अधिक रुग्णांच्या एका डोळ्यावर झेनॉन किंवा आर्गॉनचा उपचार झाला आणि दुसरा डोळा तसाच ठेवला गेला. १९७६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा उपचार केलेल्या डोळ्यांत तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. मधुमेहाने घराघरांत शिरकाव केलेल्या आपल्या देशासाठी या निष्कर्षाचे मोल किती, हे सांगायला नको.

दृष्टिपटलावरील कार्याचा मोठा बहुमान समजले जाणारे, गोनँ यांच्या नावाचे पदक मायर-श्विकेराट यांना मिळाले. नोबेल पारितोषिक मात्र त्यांना लाभले नाही. २० जानेवारी १९९२ रोजी एसेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुत्रानेही नेत्रवैद्यकाचाच मार्ग पत्करला.

आपल्यासाठी अर्थ

एल्बरफेल्डला जन्मलेल्या या डॉक्टरचा शिरूर तालुक्यातील मांडवगण फराट्याशी काय संबंध, असा प्रश्न कुणाला पडेल. संबंध आहे. ऊसपट्ट्यातील या आणि अशा गावांत डोळ्यांची तक्रार म्हणजे एक तर चष्म्याचा नंबर, नाही तर मोतीबिंदू, अशी समजूत अजून पक्की आहे. पंचविशीतल्या तरुणाला एका डोळ्याने अंधुक दिसू लागले, तर चष्मा बदलून पाहण्यात किंवा कुणी सांगितलेले थेंब घालण्यात महिने निघून जातात. शिरूर असो की दौंड, पडद्याच्या तज्ज्ञासाठी बहुधा पुण्याची वाट धरावी लागते आणि एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणूनही ते लांबणीवर पडते. दुसरा डोळा चांगला असल्याने बिघाड लक्षात येत नाही, हे त्याहून वाईट.

यावर एक साधी चाचणी घरीच करता येते. एक डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्याने दाराची चौकट किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनी रेघा पाहाव्यात. नंतर दुसऱ्या डोळ्याने तसेच करावे. सरळ रेघ वाकडी दिसली, मधोमध करडा डाग आला, एकाएकी काळे ठिपके किंवा विजेसारखे लखलखाट दिसू लागले, तर चष्म्याच्या दुकानात न जाता थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. बाहुली मोठी करून पडदा तपासण्याचा आग्रह धरावा. पडद्याच्या थरांची प्रतिमा काढणाऱ्या यंत्राने आता खळग्यातून झिरपणारे पाणीही काही क्षणांत दिसते. जन्मजात खळगा असल्याचे एकदा कळले की तक्रार नसली तरी ठरावीक काळाने तपासणी करून घेणे हिताचे असते. मधुमेह असणाऱ्यांनी तर दृष्टी चांगली असतानाच दरवर्षी पडदा तपासून घ्यावा.

लेझर म्हणताच अनेकांना धास्ती वाटते. वस्तुतः हा उपचार बहुधा बाह्यरुग्ण विभागातच होतो. थेंब टाकून डोळा बधिर केला जातो, त्यावर एक भिंग ठेवले जाते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. मात्र गेलेली दृष्टी परत आणण्यापेक्षा उरलेली राखणे हेच त्याचे मुख्य काम. सुटत चाललेला पडदा वेळेवर अडवला तर तो वाचतो. उशीर झाला तर सर्वोत्तम यंत्रही हतबल ठरते.

मायर-श्विकेराट यांच्या चरित्राचे सार याच ठिकाणी आहे. जखमेकडे त्यांनी केवळ जखम म्हणून पाहिले नाही. ती कशी झाली आणि कशी भरून आली, याचा विचार केला. टंचाईच्या दिवसांत, ढगाळ आभाळाखाली, छपरावर आरसा बसवून त्यांनी जी सुरुवात केली, तिच्यामुळे जगभरातील असंख्य माणसांची दृष्टी टिकून राहिली. त्यांपैकी बहुतेकांनी त्यांचे नावही ऐकलेले नाही. वेळेवर केलेली डोळ्यांची तपासणी हीच त्यांना वाहिलेली खरी आदरांजली ठरेल.